जुन्या गाडीची खडखड : शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

माझ्या जुन्या अल्टोचे पुढचे दोन्ही शॉकअप मी बदलले, तेव्हा खडखड गेलीच म्हणून निश्चिंत होतो. गॅरेजवाल्याने बोनेटवर हात ठेवून गाडी दोनदा दाबली, "शॉकअप गेले भाऊ" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत नवे बसवून दिले. वणीचा रस्ता सोडून गावच्या फाट्याला वळलो आणि पहिल्याच खड्ड्यात तीच खटखट. तसाच दोन महिने फिरलो. शेवटी दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं आणि विचारलं, "काहून जी, हे रबर पाह्यलं नव्हतं काय कोणी?" स्टॅबिलायझर रॉड जिथे लोअर आर्ममध्ये शिरतो (दोन्ही पार्टांची ओळख खाली आहे) तिथलं रबर झिजून पार चपटं झालं होतं. शॉकअपला घातलेल्या पैशांत तसली रबरं पिशवीभर आली असती.

तेव्हापासून मी आवाजावर विश्वास ठेवत नाही. आवाज लोखंडातून पळतो, डाव्या चाकाचा खटका उजव्या पायाखाली ऐकू येतो. आवाजावरून फक्त शोध कुठून सुरू करायचा ते ठरवा. निकाल मात्र हातानेच लावायचा. कोणता जोड हलतोय ते बोटाला कळल्याशिवाय पार्ट विकत घेऊ नका.

आपल्याकडे गावात जुनी चारचाकी म्हणजे मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, ओम्नी, इंडिका, नाहीतर बोलेरो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. रबराच्या हिशेबाने हे म्हातारपणच. त्यात आपला उन्हाळा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिनाच्या शेडखाली उभी राहिलेली गाडी खालूनवरून तापते, रबर कडक होतं, मग चिरतं. पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी फाटलेल्या बुटातून, म्हणजे जोडावरच्या रबरी टोपीतून, जोडात शिरतं. पांदणीत बंडीची आणि ट्रॅक्टरची चाकोरी एवढी खोल असते की मधला उंचवटा आर्मला घासतो. आणि कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या डांबरी रस्त्यांबद्दल वणी, राजुरा, घुग्घुस भागातल्या लोकांना मी काय सांगावं.

आधी पार्टांची ओळख

वरच्यापैकी बोलेरो सोडली तर पुढच्या प्रत्येक चाकाला एक उभा खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून तो खांब. त्याचं वरचं टोक बोनेटखाली बॉडीला रबराच्या माउंटिंगने धरलेलं. खाली लोअर आर्म: आतल्या टोकाला बुश, म्हणजे लोखंडी नळीत बसवलेलं रबर, आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा जोड. स्टिअरिंगच्या रॅकमधून निघून चाकाला वळवतो तो टाय रॉड, त्याच्या टोकाला टाय रॉड एंड. आणि दोन्ही बाजूंना जोडणारा वाकडा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर रॉड. मागे ओम्नी आणि बोलेरोला पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या असतात, बाकीच्यांना स्प्रिंग.

एवढं पुरे. बाकीचं खाली वाकलात की दिसेल.

गाडी रिकामी करा, हवा बघा

हसू नका, पण निम्म्या खडखडी इथेच संपतात. जॅक, पाना, स्टेपनी, सीटखालची पाण्याची बाटली, डिक्कीतला स्प्रेचा पंप, सगळं बाहेर काढा. स्टेपनी तिच्या जागी घट्ट कसा किंवा घरी ठेवा. बॅटरीची पट्टी हलवून बघा. सायलेन्सर थंड असताना हाताने हलवा. त्याचं लटकणारं रबर तुटलं असेल तर तो खड्ड्यात बॉडीला आपटतो आणि आवाज हुबेहूब सस्पेन्शनसारखा येतो.

मग चारही टायरांत हवा, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढी. पंक्चरवाला अंदाजाने भरतो ती नव्हे. चाळीसची हवा भरलेली अल्टो दगडासारखीच चालणार, तिच्या सस्पेन्शनचा काय दोष?

पावसाळ्यात आणखी एक बघायचं. वावरातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळी चिकण माती बसते आणि वाळून विटेसारखी होते. मग डांबरीवर साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगला तालुक्याला पळतो. आधी रिम आतून खरडून धुवा. तपासणीच्या आदल्या दिवशी खालची बाजूही पाण्याने धुऊन घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून ताजं तेल पाझरलं ते स्पष्ट दिसेल.

रस्त्यावर ऐका

सोबत एकजण घ्या, रेडिओ बंद, काचा खाली. खड्ड्यांच्या रस्त्यावर दहा-पंधराच्या वेगाने गाडी चालवा आणि एक फेरी सोबत्याला बाहेरून शेजारी चालायला लावा. बाहेरून बाजू पटकन कळते.

बारीक गिट्टीवर सतत कटकट-कटकट येत असेल तर स्टॅबिलायझर रॉडची रबरं, लिंक रॉड (स्टॅबिलायझरच्या टोकाची छोटी जोडदांडी) असलेल्या गाडीत तो, किंवा टाय रॉड एंड. मोठ्या खड्ड्यात एकच धप्प आवाज असेल तर वरचं माउंटिंग, आर्मचा बुश किंवा खरोखर संपलेला शॉकअप. गतिरोधकावर हळूहळू चढताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुईकुई आली, तर कोरडा पडलेला बॉल जॉइंट किंवा वाळलेलं रबर. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' करून स्प्रिंग सुटल्यासारखी वाजली, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकतंय.

ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना एक खटका येत असेल तर आर्मच्या बुशकडे बघा. पण आधी एक सोपी परीक्षा: खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून चालवा. आवाज तेवढ्यापुरता बंद झाला तर बहुतेक ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर ढिले आहेत, सस्पेन्शन नाही.

दोन आवाज इथे मोजूच नका. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर येणारी टकटक ही एक्सलच्या जॉइंटची. आणि वेगासोबत वाढत जाणारी घूंऽऽ ही चाकाच्या बेअरिंगची, किंवा नुसत्या वेड्यावाकड्या झिजलेल्या टायरची. रस्ता गुळगुळीत झाला की आवाज बदलला तर टायर. लांब डाव्या वळणावर आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, कारण वळणात वजन बाहेरच्या चाकावर जातं.

सपाट जागी उभी करून बघा

ग्रामपंचायतीसमोरचं सिमेंट, शाळेचं आवार, कुठेही सपाट जागा. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, डावं आणि उजवं. पाच-सात मिलिमीटरचा फरक असला तर सोडून द्या. पण दोन-अडीच सेंटिमीटर असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. तुटते ती बहुतेक वेळा खालच्या टोकाच्या वेढ्याजवळ, जिथे माती साचून गंज लागतो. टॉर्च घेऊन तो वेढा बोटाने चाचपा.

मागची बाजू दोन्हीकडे सारखीच खाली बसलेली असेल तर गाडीलाच विचारा, तिने काय काय वाहिलं. युरियाची गोणी ४५ किलोची. डिक्कीत आणि मागच्या सीटवर मिळून सहा टाकल्या की २७० किलो, वर पुढे बसलेले दोघे वेगळे. खरिपाच्या सुरुवातीला आपण सगळेच हे करतो. स्प्रिंग मात्र लक्षात ठेवते.

मग टायर वाचा. सस्पेन्शनबद्दल टायर सगळ्यात खरं बोलतो, कारण तो महिनोन्‌महिने नोंद ठेवत असतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडलेली, आणि ती का बिघडली हे शोधायचं: वाकलेला आर्म, गेलेला बुश, ढिला टाय रॉड. तळहात टायरवरून आत-बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकं सरळ रेषेत नाहीत. ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट भाग दिसले तर शॉकअपवर संशय घ्यायला हरकत नाही, चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारतंय. नक्षीच्या खोबणीत रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. टायर तिथपर्यंत झिजला असेल तर निदान राहू द्या, आधी टायर बदला.

दाबून बघणे, आणि त्याची मर्यादा

प्रत्येक कोपऱ्यावर वजन टाकून गाडी तीन-चार वेळा झुलवा आणि खाली असताना सोडा. वर येऊन थोडी खाली बसून थांबली तर ठीक. झुलतच राहिली तर शॉकअप गेला. पण या परीक्षेत फक्त मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला पास होतो. म्हणून दुसरी खूण बघा: शॉकअपच्या दांड्याखालच्या नळीवर तेल. हलका ओलसर थर चालतो. तेल ओघळून खाली आलंय, त्यावर धूळ बसून काळा लगदा झालाय, तर तो शॉकअप संपला. बदलताना पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही असे जोडीनेच बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाने वेगळी वागते.

आता बोनेट उघडा. सोबत्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या वरच्या रबरावर हात ठेवा. खटका हाताला लागतो. रबर फाटून वर उचललेलं दिसलं तरी माउंटिंग गेलं. तिथला मधला नट मात्र उघडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. ती सुटली तर हात, जबडा, काहीही मोडू शकतं. ते काम स्प्रिंग दाबायचा शिकंजा असलेल्याचंच.

जॅक लावताना

काळ्या जमिनीवर जॅक लावू नका. ओली असेल तर जॅक रुतून तिरका होतो, उन्हाळ्यात भेगांवर सरकतो. वावरात अडकून करायचंच असेल तर खाली जाड फळी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चाक काढायचं असेल तरच त्याचे नट आधी ढिले करून मग उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचा. स्टँडऐवजी विटा लावणारे मी पाहिले आहेत. वीट तडकते तेव्हा आधी सांगत नाही. काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवा, दुसरा आधार म्हणून.

चाक हाताने हलवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, घाई करू नका.

पुढचं चाक हवेत असताना घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि वरचा हात आत, खालचा बाहेर असं आळीपाळीने ढकला. खटका लागला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला, तर बेअरिंग. तसाच राहिला, तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा जोड. आता सोबत्याने चाक हलवायचं आणि तुम्ही खालच्या बॉल जॉइंटवर बोटं ठेवायची, अर्धी जोडाच्या वरच्या भागावर, अर्धी खालच्या. दोन भाग एकमेकांपासून वेगळे हलताना डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला कळतात.

हे स्ट्रटच्या गाड्यांसाठी. बोलेरोसारख्या ज्या गाडीत स्प्रिंगचा भार थेट खालच्या आर्मवर असतो तिथे जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावायचा. नाहीतर स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

मग नऊ आणि तीनच्या जागी धरून तसंच. इथला खटका म्हणजे बहुधा टाय रॉड एंड, किंवा रॅकच्या आतला जोड. आतल्या जोडावर रबरी भाता असतो. तो भाता हाताने दाबून आतला जोड चाचपता येतो.

टाय रॉड मात्र गाडी खाली उतरवूनही एकदा तपासा. चाकं जमिनीवर, सोबती स्टिअरिंग अगदी थोडं, दोन बोटं इकडे-तिकडे हलवतोय, तुमची बोटं जोडावर. वजन असताना जो खटका लागतो तोच रस्त्यावर लागतो. माझा अनुभव असा की लटकत्या चाकात न सापडलेला टाय रॉड असा पटकन सापडतो.

बेअरिंगचा संशय असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हवेतलं चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. आत वाळू असल्यासारखी खरखर स्प्रिंगमधून हाताला येते.

बुश आणि रबरं: टॉमी लावा

टॉमी किंवा छोटी सब्बल आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घालून हळू दाबा. रबर आहे, थोडं तर हलणारच. नवशिक्याची पहिली चूक इथे होते, प्रत्येक हलणारा बुश त्याला गेलेला वाटतो. वरवरच्या बारीक चिरांनाही घाबरू नका, आपल्या उन्हात त्या पाच वर्षांत येतातच. बघायचं ते हे: रबर लोखंडापासून सुटलंय का, मधली नळी एका बाजूला सरकलीय का, दाबल्यावर लोखंड लोखंडाला लागतंय का. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीवर टॉमी टेकवू नका, चांगला जॉइंट तुम्हीच फाडाल. टोपी आधीच फाटली असेल आणि ढिलेपणा नसेल, तरी तो जॉइंट पुढच्या पावसाळ्यात जाणार असं समजून पैसे बाजूला ठेवा.

आता स्टॅबिलायझर रॉड, माझ्या दोन महिन्यांचा वैरी. जुन्या ८०० आणि अल्टोमध्ये हा रॉड दोन कामं करतो. वळणात गाडी कलू देत नाही, आणि लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. म्हणून त्याच्या टोकाची रबरं गेली की नुसती खटखट होत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग भटकतं. रॉड हाताने जोरात हलवा, टोकाचे वॉशर आणि रबर यांत फट दिसते का बघा, मधल्या दोन पट्ट्यांखालची रबरंही. ज्या गाड्यांत वेगळे लिंक रॉड असतात तिथे मिस्त्री लोक दोन्ही लिंक सोडून हळू फेरी मारतात. आवाज बंद झाला तर तोच गुन्हेगार. ८०० आणि अल्टोत हा प्रयोग चुकूनही करू नका, कारण तिथे रॉड सोडला तर आर्म मोकळा होतो.

मागची बाजू

इथे थोडक्यात. पाट्याच्या गाडीत तुटलेलं पान, पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट ढिले आहेत का, आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे, बुश बघा. पानं एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं की फरक कळतो, पुढची चाकं सरळ ठेवून. जुन्या अल्टो आणि वॅगन आरमध्ये मागचा एक्सल पुढेमागे दोन आर्मनी आणि आडवा एका रॉडने धरलेला असतो. त्या आडव्या रॉडचं रबर गेलं की खड्ड्यात गाडीची शेपटी बाजूला फेकल्यासारखी वाटते.

काय थांबू शकतं, काय नाही

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये स्पष्ट खटका सापडला तर गाडी तिथेच उभी करा. हे जोड निसटले की चाक दुमडतं किंवा स्टिअरिंगचं ऐकत नाही. "या हंगामापुरती चालू दे" म्हणण्यासारखी ही वस्तू नाही; सोयाबीन विकेपर्यंत बसने जा. बेअरिंगची खरखरही फार पुढे ढकलू नका. स्टॅबिलायझरची मधली रबरं, मागचे बुश, कुरकुरणारं माउंटिंग यांना महिना-दोन महिने सवड देता येते. तेल गळणारे शॉकअप यांच्या मधले: ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं, म्हणून पावसाळ्याआधी बदलाच.

मिस्त्रीकडून काम करून घेताना उभे राहा आणि एक गोष्ट बघा. आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. बरेच मिस्त्री वरच आवळून मोकळे होतात. "भाऊ, खाली घेऊन आवळा न" एवढं म्हटलं तर कोणी रागवत नाही.

टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही उघडलं असेल तर अलाइनमेंट करावीच लागते. ज्या गावात मशीन नाही तिथे टाय रॉड एंड काढण्याआधी चेकनट (एंडला जागेवर आवळून धरणारा नट) नेमका कुठे होता ते रंगाने खूण करून ठेवा आणि एंड उघडताना किती फेरे झाले ते मोजा. तेवढेच फेरे देऊन नवा बसवला की वणी, वरोरा नाहीतर यवतमाळपर्यंत गाडी टायर न खाता पोचते. तिथे जाताना स्टेपनी आणि जॅक पुन्हा गाडीत टाकायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.